पॅरिस ते सेलू, व्हाया परतूर

रविवार, बारा जानेवारी. जमा रक्कम रुपये अडीचशे. हजर सभासद पाच: निवृत्त पार्सल क्लार्क नरहरराव, निवृत्त मुख्याध्यापक वाघमारे सर, कापडवाले बन्सीशेठ, हॉटेलवाले जब्बारभाई आणि मी. या दिवशी सेलू स्टेशनसमोरच्या जब्बारभाईंच्या हॉटेलात एका जागतिक साहित्य चळवळीची स्थापना झाली. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, म्हणून खजिनदार मला केलं. माझ्या घरी हे कळलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं की पन्नास रुपये परत मिळणार आहेत का.

चळवळीचं नाव 'सेलूवाद'. याचा अर्थ काय, असं बन्सीशेठनी विचारलं. नरहरराव म्हणाले, "अर्थ मागून येतो, शेठ. आधी नाव लागतं."

नरहरराव माझे शेजारी. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली, आणि त्याचा परिणाम असा झाला की जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना कुठून तरी बुक झालेली आणि कुठे तरी उतरवून घ्यायची दिसते. गावात त्यांना पार्सलबाबू म्हणतात. वाचन अफाट, पण सगळं पार्सलच्या भाषेत. जगात साहित्याच्या ज्या चळवळी झाल्या, त्या सगळ्या कधी ना कधी सेलूला येणार, फक्त मालगाडीने येणार, असा त्यांचा सिद्धांत.

"रोमँटिक चळवळ घ्या," ते सांगायचे. "विलायतेतून बुक झाली. मुंबईला उतरली शंभर वर्षांनी. पुण्यात पेटी फोडून चांगला माल काढून घेतला. जालना, परतूर करत सेलूला आली तवा आत निस्ता चंद्र होता."

वास्तववादाची पेटी रशियातून निघाली तेव्हा भलतीच जड होती, म्हणून प्रत्येक स्टेशनावर थोडी थोडी हलकी केली गेली. आणि अस्तित्ववाद तर अजून परतूरच्या फलाटावर पडून आहे. सोडवून न्यायला कुणी गेलेलंच नाही. मालगाडी धडधडत स्टेशनातून गेली की बोलता बोलता ते थांबत आणि डबे बघत. आलं असेल तर आज आलं असेल, असा चेहरा.

थोर माणसांच्या प्रभावाबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. "तिकडं एकजण विचार करता करता दाढी वाढवतो. तीस वर्षांनी इकडं कालिजातले सगळे मास्तर दाढी वाढवतात. विचार मधीच कुठं तरी उतरतो. दाढी तेवढी शेवटपर्यंत येती."

ओळखीतल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक वाद वाटून दिला होता. दूधवाला रोमँटिक, कारण त्याला पाण्यातही दूध दिसतं. आमच्या गल्लीतला नळ अतिवास्तववादी, कारण त्याला पाणी स्वप्नात येतं. मी वास्तववादी. "दोन अन् दोन चार म्हणणारा माणूस जावई म्हणून लय चांगला," ते माझ्या बायकोला म्हणाले, "पण त्याच्यानं चळवळ होत न्हाई." बायकोने दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि फक्त दुसरीला मान डोलावली.

सेलूवादाच्या तयारीच्या बैठका आधी त्यांच्याच ओसरीवर होत. तिथे त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, एक दिवस जाहीर केलं, "चळवळ तुमची अन् साखर माझी, हे आता बास." नरहररावांना राग आला नाही. पॅरिसातल्या सगळ्या चळवळी हॉटेलातच जन्मल्या, घरात एकही नाही, असं सांगून त्यांनी बिऱ्हाड जब्बारभाईंकडे हलवलं. जागा दिली म्हणून जब्बारभाईंना सभासद करून घेतलं आणि त्यांच्याकडूनही पन्नास रुपये घेतले.

आता वाघमारे सरांबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता.

सर मूळचे बोरीचे. तरुणपणी दलित साहित्याच्या चळवळीत होते. सायकलवर बोरीपासून चारठाण्यापर्यंत जायचे, पारावर, शाळेत, जिथे चार माणसं थांबतील तिथे कविता म्हणायचे. त्यांची एक कविता जर्मन भाषेत गेली आणि तिकडच्या एका पुस्तकात छापून आली. सरांनी त्याचं कौतुक करून घेतलं नाही. "तिकडं छापून आली, इकडं घरपट्टी तेवढीच हाय," म्हणायचे. नरहरराव आणि सर, दोघं वर्षानुवर्षं संध्याकाळी फलाटावरच्या बाकावर बसून भांडत. विषय कुठलाही चाले. गाडीतून उतरणारे लोक आधी त्यांचा आवाज ऐकायचे आणि मग पाटी वाचायचे.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या बाई गेल्या. त्यानंतर सर गप्प झाले. अगदीच बोलत नव्हते असं नाही. कुणीही काहीही म्हणालं की "बराबर हाय" म्हणायचे. तेवढंच. भाजीवाल्याने भाव सांगितला, बराबर हाय. बन्सीशेठनी एकदा परीक्षा म्हणून सांगितलं, "सर, आज ऊन पश्चिमेकडून निघालंय." सर म्हणाले, "बराबर हाय." बन्सीशेठ हसायला म्हणून तोंड उघडून बसले आणि हसू शकले नाहीत.

सरांची मुलगी नागपूरला असते. तिने नरहररावांना फोन केला, तेव्हा मी शेजारी होतो. "काका," ती म्हणाली, "बाबा कशालाच नाही म्हणत नाहीत. मला त्याचीच भीती वाटते."

दुसऱ्या दिवसापासून नरहरराव रोज सरांच्या घरी जाऊन त्यांना हाताला धरून आणू लागले, आधी ओसरीवर, मग हॉटेलात. चळवळ त्यानंतरच्या आठवड्यात निघाली. माणसांत बसल्यावर सर बोलू लागतील, असा आमचा हिशेब होता. तो चुकला. सर येत, चहा पीत, आणि सेलूवादाच्या जाहीरनाम्याच्या प्रत्येक कलमाला "बराबर हाय" म्हणत. एवढी एकमताने चाललेली साहित्य चळवळ जगात दुसरी नसेल.

महिनाभराने नरहररावांनी बैठकीत चिंता व्यक्त केली. "आपल्या चळवळीत मोठा दोष हाय. ती फुटंना."

बन्सीशेठना वाटलं, हे चांगलंच आहे.

"चांगलं कसं? जगात एक बी चळवळ दाखवा जी फुटली न्हाई. फूट पडली की मगच तिचं नाव होतं. एका टेबलावर मावती ती भिशी."

मग फूट पाडण्याचं काम सुरू झालं. पहिला मुद्दा, सेलूवादी चहात आलं असावं की नसावं. नरहररावांनी आल्याच्या विरोधात पंधरा मिनिटं भाषण केलं. जब्बारभाईंनी दोन्ही प्रकारचे चहा आणून ठेवले आणि फूट टळली. दुसरा मुद्दा, कविता छंदात असावी की मुक्त. आमच्यात कविता लिहिणारे सर एकटेच, आणि ते म्हणाले, बराबर हाय. तिसऱ्या बैठकीत नरहररावांनी थेट माझ्यावर अफरातफरीचा आरोप केला. मी खिशातून रबर लावलेले अडीचशे रुपये काढून टेबलावर ठेवले. त्यांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. निदान शंभर तरी कमी निघायला हवे होते, असं मला जाताना म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी एक नवं कलम वाचलं. मराठवाड्याने जगाच्या संस्कृतीला सरकी आणि कापूस सोडून काही दिलेलं नाही, जे आलं ते बाहेरून आलं. सर्वांनी मान डोलावली. नरहररावांनी सरांकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पुढचं वाक्य वाचलं: दलित साहित्यसुद्धा इथलं नव्हे, तो अमेरिकेतून बुक झालेला माल, सेलूच्या लोकांनी तो फक्त सोडवून घेतला.

सरांच्या हातातली बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"न्हाई," सर म्हणाले.

शेजारच्या टेबलांवरची माणसंही वळून बघायला लागली.

"नरहरराव, तुमी पार्सल हापिसात होतात, पण ही पावती तुमी पाहिली न्हाई. तो माल बाहेरून आला न्हाई. आमच्या घरातून गेला. माझी माय अंगठा उठवायची. ती सरकीच्या ढिगावर बसून जे बोलायची, तेच मी लिहिलं, अन् तेच त्या जर्मनीतल्या पोरांनी वाचलं. बोरीच्या वेशीच्या बाहेरून गेलंय ते. तुमच्या गाडीनं न्हाई गेलं."

नरहरराव म्हणाले, "पुरावा काय?"

सर उठले. स्वतःचा चहाचा कप उचलून ते खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले. बन्सीशेठ त्यांच्या मागे गेले. जब्बारभाई म्हणाले, "मालक कुठल्याच पार्टीत नसतो," आणि चहाची किटली घेऊन आधी खिडकीकडे गेले. मी नरहररावांना एवढंच म्हणालो की हे तुम्हाला शोभलं नाही, आणि घरी आलो. इतकी वर्षं शेजारी राहून या माणसाच्या पोटात हे होतं, याचं मला फार वाईट वाटलं. त्यानंतर काही आठवडे मी त्यांच्याशी बोललो नाही. समोर आले तर फाटकाची कडी बघत बसायचो.

इकडे खिडकीजवळच्या टेबलाचं नाव झालं 'खरा सेलूवाद'. तिथे कालिजातली चार पोरं येऊ लागली. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर ड्युटी संपल्यावर यायच्या. त्यांच्या कविता इतक्या तिखट होत्या की बन्सीशेठ त्यांच्या समोर न बसता शेजारी बसायचे. सर शिकवत, खोडत, रागावत. त्यांनी नवा जाहीरनामा लिहिला, त्यातलं प्रत्येक कलम 'न्हाई' या शब्दाने सुरू होत होतं. भाजीवाला मला म्हणाला, "सर भाव करायलेत आता. लय तकलीफ हाय."

नागपूरहून मुलीचा फोन या वेळी मला आला. "काका, बाबा काल माझ्याशी अर्धा तास भांडले," ती म्हणाली. हे तिने दोनदा सांगितलं, मग मीच तिकडच्या उन्हाची चौकशी केली.

शेवटी मी हिशेब मिटवायचं ठरवलं. फुटलेल्या चळवळीचे पैसे खिशात घेऊन फिरणं मला बरं वाटेना. अडीचशे रुपये घेऊन संध्याकाळी हॉटेलात गेलो.

खिडकीशी दहा-बाराजण दाटीने बसले होते. नरहरराव आमच्या जुन्या टेबलावर एकटे, सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. समोर एक कप चहा, आलं घातलेला. बाहेर मालगाडी जात होती, पण ते डबे बघत नव्हते. मी बसलो. त्यांनी मान वळवली नाही.

तेवढ्यात जब्बारभाई फडकं मारायचं निमित्त करून वाकले आणि हळूच म्हणाले, "बाबू, आज त्यांचे तेरा चहा झाले." नरहररावांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पैसे काढून त्यांच्या हातात दिले.

मी जब्बारभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "पहिल्या दिवसापासून हेच देतात. कालिजच्या पोरांकडं कुठले पैसे? सरांना सांगितलंय, हॉटेलकडून हाय म्हणून. खोटं बोलायला लागतंय खामखा."

मला सगळं लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग मी म्हणालो, "काका, चला, मी सरांना सांगतो. ते या टेबलावर येतील."

त्यांनी माझं मनगट धरलं. "बिलकुल न्हाई. समेट झाला की तो परत बराबर हाय म्हणायला लागंल."

"पण तुम्ही असे एकटे बसता."

"एकजण तर एकजण. मूळ गट हाय हा," ते म्हणाले. "जरा हळू बोला, खजिनदार. तो वाचायलाय."

खिडकीकडून सरांचा आवाज येत होता. नवी कविता होती. तेवढ्या जागेसाठी जरुरीपेक्षा मोठ्याने वाचत होते, आणि अधूनमधून या भिंतीच्या दिशेने थांबत होते, बाकावर भांडताना उत्तरासाठी थांबायचे तसे. नरहररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर भिंतीला म्हणाले, "बुक झाला माल. आता परतूरला कुणी उतरवून घेऊ नये."

मी खिशातल्या पैशांचं रबर काढलं. सेलूवादाच्या शिलकीतून खर्च, रुपये अडीचशे, खऱ्या सेलूवादाच्या पुढच्या चहापोटी, जब्बारभाईंना रोख दिले. हजर सभासद दोन.