पक्षकारातर्फे रिंग

वामनराव वकील आठवड्यातून चार दिवस आमच्या माडीवर कंबर हलवायला येतात. स्वतःसाठी नाही, बायकोच्या वतीनं.

असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे काय? म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझी सून प्रणाली वरच्या हॉलमध्ये बायकांचा व्यायामाचा क्लास घेते. आधी झुंबा घेत होती. मग अमरावतीत गल्लोगल्ली झुंबा झाला, तेव्हा ती पुण्याला जाऊन दोन नवीन गोष्टी शिकून आली. एक रिंग, ती कमरेभोवती फिरवायची. दुसरा खांब. स्टीलचा, जमिनीपासून छतापर्यंत बसवलेला. त्याला धरून गिरक्या घ्यायच्या, लटकायचं, पाय वर करायचे. त्याला पोल डान्स म्हणतात. खांब बसवला त्या दिवशी शेजारच्या तिघीजणी मला विचारून गेल्या, स्लॅब खचला का. मी म्हटलं, स्लॅब चांगला आहे, सून लटकणार आहे.

रिंगा मात्र घरच्याच. माझा मुलगा शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याची बाग पाहतो. तिथली ठिबकची जाड नळी कापायची, दोन टोकं जोडायची, रिंग तयार.

मी चौथी शिकले. असल्या व्यायामातलं मला काही कळत नाही. मी दाराशी खुर्ची टाकून बसते आणि कोणी पडली तर सांगते की पडली.

तर एका सकाळी वामनराव जिना चढून आले. पांढरा शर्ट आत खोचलेला, काळी पँट, पट्टा, पायात मोजे. काळा कोट तेवढा नव्हता. वय सत्तर. प्रणाली म्हणाली की काका, हा क्लास बायकांचा आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे, नाव बायकोचंच घाला, ती येऊ शकत नाही, तिच्यातर्फे मी हजर राहीन. आणि त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर लिहिलं होतं की मी निर्मला, राहणार अमुक ठिकाणी, माझ्या वतीनं व्यायाम शिकण्याचे सर्व अधिकार माझ्या पतीस राजीखुशीनं देत आहे. खाली बायकोची सही. साक्षीदार म्हणून दूधवाल्याची सही.

मी विचारलं, "वकीलसाहेब, त्यांच्या गोळ्या बी तुमीच घेता का त्यांच्यातर्फे?"

ते म्हणाले, "नाही. तिथं पक्षकाराला जातीनं हजर राहावं लागतं."

चेहरा असा सरळ की माणूस चेष्टा करतो आहे की खरं बोलतो आहे ते कळू नये. मला अजूनही कळत नाही.

प्रणालीनं बायकांना विचारलं. वामनरावांनी स्वतःच तोड काढली की मी शेवटच्या रांगेत भिंतीकडे तोंड करून उभा राहीन. तसेच ते आजपर्यंत उभे राहतात. पाठीमागं डोळे नाहीत म्हणून दर दोन मिनिटांनी विचारतात, "आता डावीकडे की उजवीकडे?" हजेरीत प्रणाली "निर्मलाकाकू" म्हणाली की भिंतीकडून आवाज येतो, "पक्षकारातर्फे हजर." सगळं वहीत उतरवून घेतात. पाय खांद्याइतके दूर. गुडघे किंचित सैल. श्वास रोखू नये. शेवटी प्रणालीची सही मागतात. ती बिचारी करतेही.

वामनराव मूळचे अकोल्याचे. चाळीस वर्षं त्यांनी तिथं दिवाणी दावे चालवले. शेताच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे वाद, भावाभावांच्या वाटण्या, विहिरीवरचा हक्क. मुलगी अमरावतीत दिलेली, म्हणून म्हातारपणी तिच्याजवळ राहू असं ठरवून दोघं इकडे आले, आमच्यापासून दोन घरं सोडून घर घेतलं. सामानाची खोकी उघडून होतात तोच जावयाची नाशिकला बदली झाली. त्यानंतर चार महिन्यांनी वकिलीणबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. हाड जुळलं. पण त्या खिडकीजवळच्या दिवाणावर बसल्या त्या बसल्याच. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. व्यायाम करून घ्यायला एक पोरगी येत होती, तिला त्यांनी आठव्या दिवशी चहा पाजून कायमचं परत पाठवलं. पडायची भीती बसली होती, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी वामनरावांना स्पष्ट सांगितलं की पायात दोष नाही, पण आता या चालल्या नाहीत तर पुढं चालणार नाहीत.

हे मला त्यांनीच जिन्यात उभं राहून सांगितलं. म्हणाले, ती बाहेरच्या कोणाचं ऐकत नाही, म्हणून मीच शिकतो आणि घरी जाऊन तिला शिकवतो. मी म्हटलं, बायको नवऱ्यापाशी शिकते हे कोणी सांगितलं तुमाले? ते म्हणाले, प्रयत्न करून पाहू.

आता खांबाची गोष्ट.

वामनराव लहानपणी अकोल्याला आखाड्यात जात. मल्लखांब करत. त्यामुळे रिंगेपुढं ते विद्यार्थी असले तरी खांबापुढं स्वतःला वस्ताद समजत. आमचा खांब त्यांनी बोटानं चोळून पाहिला आणि नाक मुरडलं. म्हणाले, "कोरडा ठणठणीत. याला तेल कोणी पाजलं नाही?"

मल्लखांब असतो लाकडाचा. त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे अंग सोलून निघत नाही. हा खांब स्टीलचा. याला कोरडंच ठेवावं लागतं, कातडी चिकटली तरच माणूस वर टिकतो. हे मला नंतर कळलं. वामनरावांनाही नंतरच कळलं. कारण दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधी आले, सोबत एरंडेलाची बाटली आणि फडकं, आणि हात पोचेल तिथपर्यंत त्यांनी खांब मनापासून माखून ठेवला. मी खाली भाजी निवडत होते, नाही तर थांबवलं असतं. की नसतं थांबवलं, सांगता येत नाही.

त्या दिवशी पहिली पाळी मेडिकलवाल्या सोनालीची होती. तिची गिरकी सगळ्यात चांगली, आणि ते तिला माहीत आहे. ती धावत आली, खांब धरला, एक गिरकी घेतली आणि दुसरी घ्यायच्या आत विहिरीत बादली सोडावी तशी खाली आली. खाली गादी होती म्हणून निभावलं. तिनं हात पाहिले, वास घेतला, आणि सगळ्याजणींनी भिंतीकडे पाहिलं.

वामनराव वळले. पहिल्यांदाच त्यांनी बायकांकडे तोंड केलं. म्हणाले, "कबूल आहे. हेतू चांगला होता, तेवढा विचारात घ्यावा."

मग दोन दिवस ते भांड्याची पावडर लावून खांब घासत होते. घासून झाल्यावर त्यांनी मोजे काढले, खांब दोन्ही हातांनी धरला आणि पाय जमिनीपासून उचलले. मी मनात चार आकडे मोजले. सत्तर वर्षांचा माणूस चार आकडे लटकला. खाली उतरून शर्ट नीट खोचला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली म्हणे की पुढच्या वेळी वर चढा आणि तिथंच राहा.

रिंग मात्र त्यांना अशी जमली की प्रणालीही बघत राहिली. पहिला महिना नुसती पायात पडत होती. मग एकदा कमरेवर टिकली ती टिकलीच. पुढं ते हातावर फिरवायला शिकले. हात आडवा धरायचा आणि मनगटाभोवती रिंग गरगर फिरवायची. पोरींच्या रिंगा सुटून खिडकीवर जातात. वामनराव मोठ्यानं आकडे मोजत दोनशेपर्यंत नेतात, आणि दोनशे झाले की स्वतःच थांबतात.

पण माणूस विचित्र तो विचित्रच. बाकीच्या विचारतात, रिंग सुटू नये म्हणून काय करायचं. हे विचारू लागले, सोडायची असेल तर कशी सोडायची? डावीकडे जायला हवी तर मनगट कुठं वळवायचं? सरळ घरंगळत किती लांब जाईल? क्लास संपल्यावर हॉलच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाला रिंगा सोडत बसत. मी प्रणालीला म्हटलं, "हे आता काय करून राहिले?" ती म्हणाली, आई, वयाचा परिणाम. मीही मान डोलवली.

पुढं त्यांनी माझ्या मुलाकडे एक मोठी रिंग मागितली, जोड अगदी गुळगुळीत हवा, अडखळायला नको. मुलानं बागेतून करून आणली. त्या दिवशी क्लासला सुट्टी होती आणि माझे गुडघे धड आहेत, म्हणून मीच ती गळ्यात अडकवून त्यांच्या घरी गेले.

दार उघडं होतं. बैठकीतलं टेबल भिंतीला सरकवलेलं, मधोमध वामनराव हातावर रिंग फिरवत होते. वकिलीणबाई दिवाणावर, हाताशी काठी. त्या म्हणत होत्या की चार महिने शिकून हे एवढंच का, आमची मोलकरीण याहून बरं फिरवेल. रिंग चार वेढे फिरली, पाच, सहा, आणि मनगटावरून सुटून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आडवी झाली.

वामनराव कमरेवर हात ठेवून कण्हले. म्हणाले, मला वाकवत नाही, भरली आहे कंबर.

वकिलीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग काठी घेतली. दिवाणाच्या कडेला धरून उठल्या, भिंतीला एक हात लावत, तोंडानं नवऱ्याचा उद्धार करत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. काठीच्या मुठीत रिंग अडकवून उचलली, परत येऊन त्यांच्या हातात दिली. मी पावलं मोजली. जाऊन-येऊन अठरा.

आदल्याच दिवशी हा माणूस आमच्या माडीवर ओणवा होऊन पायाचे अंगठे धरत होता. मी तोंड उघडलं.

"वकीलसाहेब, काल तर तुमी..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अकोल्यातले साक्षीदार काहून गप्प होत असतील ते मला कळलं.

"पाटलीणबाई," ते म्हणाले, "बसा. चहा घ्या."

मी बसले. चहा प्याले. त्यांनी नवी रिंग हातात घेतली, जोडावरून बोट फिरवलं आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. या वेळी पाचव्याच वेढ्याला सुटली. बैठकीतून ओसरीवर, ओसरीच्या उतारावरून अंगणात, आणि फाटकाला टेकून उभीच्या उभी राहिली. इतकी सरळ गेली की मीच टाळी वाजवणार होते.

वकिलीणबाई काही वेळ उघड्या दाराकडे पाहत राहिल्या. त्या दारातून त्या वर्षभरात दवाखान्याशिवाय बाहेर पडल्या नव्हत्या. वामनराव जमिनीकडे पाहत होते. मला म्हणाले असते तर मी आणून दिली असती. पण कोणी मला म्हटलं नाही आणि मी कप सोडला नाही.

"पाटलीणबाई, चला माझ्याबरोबर," त्या उठत म्हणाल्या. "यांच्या हातात काही टिकत नाही."

मी बाजूनं चालले, हात लावला नाही. ओसरीच्या उतारावर त्या थांबल्या, श्वास घेतला आणि उतरल्या. अंगणात तर काठी नुसती सोबतीला होती. भराभर गेल्या, मला गाठावं लागलं. फाटकाशी पोचल्यावर त्यांनी गजाला धरलं आणि रस्त्याकडे पाहिलं. एक ट्रॅक्टर गेला, तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

मी हळूच म्हटलं, "वैनी, एक सांगू? ते मुद्दाम सोडतात."

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रस्त्याकडेच पाहत होत्या.

"अकोल्याला सकाळी सातपासून ओट्यावर माणसं बसलेली असायची," त्या म्हणाल्या. "माझा चहा उतू जायचा, एवढी. इथं आलो आणि दार वाजणंच बंद झालं. सकाळी दाढी करून, कपडे घालून खुर्चीत बसायचे. नुसते. मला पाहवत नव्हतं. आता मीच एक पक्षकार उरले आहे त्यांची. बरी झाले म्हटलं तर उद्यापासून काय करतील?"

मी म्हटलं, "म्हणजे तुमी अशाच बसून राहान का?"

"बसून कशाला? चालते आहे ना." त्यांनी काठीनं रिंग उचलून खांद्यावर घेतली. "चाळीस वर्षं वकिलाच्या घरात काढली, पाटलीणबाई. तारखा कशा घ्यायच्या एवढं मला कळतं."

आतून वामनरावांनी हाक मारली की सापडली का, की मी येऊ. वकिलीणबाईंनी लगेच काठी पुढं टेकवली, पाठ वाकवली, एक हात माझ्या दंडावर ठेवला, आणि जितक्या झपाट्यानं आल्या होत्या त्याच्या निम्म्यानं, कण्हत कण्हत, घराकडे निघाल्या.