काच धरायला माणूस

आमच्या सोसायटीत देवरेकाका माणसाची पारख त्याच्या अंगठ्यावरून करतात. लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार नंतर, आधी "अंगठा दाखवा." दुसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले, तेव्हा त्यांची बायको घाबरूनच गेली. तिला वाटलं, हे गृहस्थ कुठल्यातरी कागदावर अंगठा उठवून घेणार. काका अंगठा दाबून बघतात, उलटा करून बघतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. रोज जिमला जाणारा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा सपशेल नापास झाला. साठेबाई पहिल्या वर्गात पास. माझा अंगठा बघून म्हणाले, "ताई, हा फोडणीपुरता शे." मी सोसायटीची सेक्रेटरी, आणि आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत फटकळ म्हणून नाव कमावलेली बाई. मला असं कोणी बोलत नाही.

काका मूळचे सटाण्याकडचे. नाशकात चाळीस वर्षं काढली तरी वाक्याच्या शेपटाला 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' चिकटलेला आहेच. सातपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायला होते. निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. आणि या सगळ्या अंगठाप्रकरणामागे होती पद्मिनी.

पद्मिनी म्हणजे त्यांची जुनी मोटार. आमच्या पार्किंगमध्ये, पाहुण्यांच्या जागेवर, ती तीन वर्षं ठाण मांडून उभी होती. इंजिन केव्हाच दुरुस्त झालं होतं, सायीच्या रंगाचा नवा हात चढला होता. राहिली होती ती दारं. चार दारांच्या काचा बसवायच्या आणि आतल्या बाजूने रेक्झिनची पॅडं लावायची. पॅडाच्या कडेला सगळीकडून क्लिपा असतात. एकेक क्लिप अंगठ्याने दाबायची, टक् आवाज झाला की ती बसली. म्हणून अंगठे.

काच बसवणं हे काकांच्या म्हणण्याप्रमाणे एकट्याचं काम नव्हे. दाराच्या वरच्या फटीतून काच आत सोडायची, एकाने ती वरून धरून ठेवायची आणि दुसऱ्याने दाराच्या पोटात हात घालून ती वर-खाली करणाऱ्या यंत्रावर चढवायची. त्यामुळे दर रविवारी साडेनऊला कुणाची तरी बेल वाजायची. दारात काका, हातात पुसायचं फडकं. "काच धरायला माणूस पाहिजे."

जाणार कुठे? जावं लागायचं. काच बसायची, पॅड लागायचं, हँडल फिरायचं. मग काका दाराला कान लावून डोळे मिटायचे. आपण श्वास रोखून उभे. आणि निकाल ठरलेला, "नही. आवाज येतो." की लगेच पॅड काढ, काच काढ, ती गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेव. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

आवाजाचं त्यांना भारीच वावडं. घरातल्या खिडक्यांना, कपाटांना, भाजीच्या ट्रॉलीला, सगळ्याला मखमली पट्टी लावलेली. चमचेसुद्धा त्यांच्या घरात वाजत नाहीत. दारांचे स्क्रू ठेवायला काकूंचा गोळ्यांचा डबा होता, सात वारांचे सात कप्पे असलेला. सोमवार-मंगळवार पुढची दारं, बुधवार-गुरुवार मागची. एकदा मी चुकून मागचा स्क्रू मंगळवारात टाकला, तर काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

काकू सहा महिन्यांसाठी बेंगळुरूला गेल्या होत्या, मुलाकडे, नात झाली म्हणून. ती नात आता शाळेत जाते. काकाही एकदा गेले होते, आठ दिवसांत परत आले. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "चौदावा मजला शे. खिडक्या उघडतच नाहीत."

काम आटपलं की चहा. सुंठ घातलेला, सोबत चिवडा. काच अर्ध्या तासात बसायची आणि चहाला दीड तास लागायचा. कारखान्यातल्या गमती, सटाण्याच्या डाळिंबांची चौकशी, नातीने फोनवर म्हटलेली कविता. मी उठायला लागले की त्यांना नेमकी अर्धा कप चहा उरल्याची आठवण व्हायची. रविवारची सगळी सकाळ पाण्यात, म्हणून मी घरी येऊन भांडी आपटायची.

शेवटी मीटिंगमध्ये विषय निघालाच. पाहुण्यांनी गाड्या कुठे लावायच्या? लोकांचं म्हणणं रास्त होतं. मीच ठराव लिहिला : दसऱ्यापर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर निघाली पाहिजे, नाहीतर जागा खाली करावी लागेल. काकांनी सही केली आणि पेनचं टोपण सैल आहे असं मला सांगितलं.

दसरा पंधरा दिवसांवर आला, तरी दारं उघडीच. माणूस चांगला, त्याची गाडी हलवायची पाळी आपल्यावर यायला नको, असं मला मनापासून वाटत होतं. तेवढ्यात काका पुतण्याच्या साखरपुड्याला दोन दिवस सटाण्याला गेले. गाडीची किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे. मी द्वारका चौकातून रफिकभाईंना बोलावलं. सीट कव्हरचं दुकान आहे त्यांचं, हात सोन्याचा. म्हटलं, काकांना परत आल्यावर चकित करू.

रफिकभाईंनी संध्याकाळपर्यंत चारही दारं लावून दिली. निघताना मात्र हसत होते. म्हणाले, "ताई, यात माझं कामच नव्हतं. सगळं फिट होतं. स्क्रूची डोकी तेवढी उघडून-उघडून गुळगुळीत झालीत. आणि काकांना काच धरायला माणूस कशाला? डिकीत पाचरी आहेत ना त्यांच्या, स्वतः तासलेल्या. लावल्या की काच जागची हलत नाही. एकट्याचं काम आहे." मी त्या वेळी आपल्याच कौतुकात होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

काका आले. गाडीभोवती फिरले. चारही हँडलं फिरवली, चारही दारांना कान लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाले, "बरोबर शे." माझे आभार मानले, रफिकभाईंना फोन करून त्यांचेही मानले, आणि गोळ्यांचा रिकामा डबा घेऊन वर गेले.

रविवारी साडेनऊला मी केस विंचरून तयार होते. बेल वाजली नाही. दहा वाजले, तरी नाही. साठेबाईंचा फोन आला, काका तुमच्याकडे आलेत का म्हणून. गॅलरीतून वाकून बघितलं, तर काका पार्किंगमध्ये पद्मिनीत बसलेले. चारही काचा वर. आत एकटेच. हात मांडीवर.

तेव्हा त्या पाचरी माझ्या डोक्यात शिरल्या. तीन वर्षं हा माणूस एकट्याने होणारं काम दर रविवारी उसवून ठेवत होता, आणि मी मूर्ख बाई, एका दिवसात ते संपवून मोकळी झाले. इतकी चीड आली स्वतःची! पण जाऊन बोलणार काय? सॉरी म्हणावं तर त्यांचं गुपित उघडं पडणार.

दसऱ्याला अख्खी सोसायटी खाली उतरली. पद्मिनीला झेंडूची माळ, नारळ, हळद-कुंकू. काका पांढऱ्या सदऱ्यात. पहिल्या फेरीला सेक्रेटरी शेजारी पाहिजे, असा सगळ्यांनी आग्रह धरला आणि मी बसले. गाडी दिंडोरी रस्त्याला लागली. द्राक्षांचे मळे सुरू झाले. खड्डे येत होते, पण दारं खुट्ट म्हणून वाजत नव्हती. रफिकभाईंचं काम कसलं, काकांचंच काम ते. मी काकांकडे बघितलं. माणसाची तीन वर्षांची मेहनत रस्त्यावर धावते आहे आणि चेहरा असा, की जणू कुणाला स्टेशनवर सोडून परत निघालेत.

मला राहवलं नाही. मी दाराला कान लावला, डोळे मिटले आणि म्हटलं, "काका, आवाज येतोय."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. उतरून माझ्या बाजूला आले. दार उघडून काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. मग दाराला कान लावून उभे राहिले. आवाज नव्हता. ते मला ठाऊक होतं, आणि ज्या माणसाला पेनचं टोपण सैल असलेलं कळतं, त्याला तर ठाऊक असणारच. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"येतो खरा," काका म्हणाले. फडक्याने काच पुसत होते, पुसलेलीच पुन्हा. "बारीक शे, पण येतो. उघडावं लागेल."

"रविवारी?"

"रविवारी. पण काच धरायला माणूस लागेल."

मी अंगठा पुढे केला. काकांनी तो दाबून बघितला, उलटा करून बघितला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

"चालेल," म्हणाले. "साडेनऊला या. साठेबाईंनाही सांगा."