चिखलातला गुड मॉर्निंग

केझाया बाप्टिस्टने मॅक्सी टॅक्सीच्या, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसच्या, पायरीवर पाय ठेवला आणि सवयीप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाली, “गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग!” म्हणाली आणि तिथेच गोठली. कारण मागच्या बाकावरून पांढरी टोपी आणि पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी “गुड मॉर्निंग, पोरी,” असं उत्तर दिलं होतं. त्या बाई म्हणजे तिची सख्खी मावशी, टँटी मर्ल.

वास्तविक घाबरण्याचं कारण नव्हतं. केझाया त्या क्षणी ओळखू येण्यासारखी राहिलीच नव्हती. कार्निव्हलच्या सोमवारी पहाटेपासून ती शहराच्या रस्त्यांवर जूवे नाचत होती, आणि जूवे नाचायचं म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत चिखल फासायचा. तिच्यात आणि मागून चढलेल्या तिच्या रूममेटमध्ये, इंद्रा रामकिसूनमध्ये, फरक एवढाच उरला होता की इंद्रा उंच होती. मॅक्सीतले बाकीचेही तसेच. ड्रायव्हरने शहाणपणा करून सगळ्या सीटांवर प्लास्टिक अंथरलं होतं. त्या चिखलवाल्यांपैकी एकानेही चढताना तोंड उघडलं नव्हतं. केझायाही गप्प राहिली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

पण तिला वाढवलं होतं मम्मीने. मम्मी म्हणजे टोबॅगोतल्या चर्चच्या रविवारच्या शाळेच्या मुख्य बाई, युलाली बाप्टिस्ट. गाडीत, दुकानात, दवाखान्यात, जिथे चार माणसं बसलेली असतील तिथे आधी गुड मॉर्निंग, मग बाकीचं. सात वर्षांची केझाया एकदा विसरली, तर मम्मीने तिला दुकानाबाहेर काढून पुन्हा आत यायला लावलं. तेही तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा आवाज गल्ल्यापर्यंत पोहोचला नव्हता.

अशा मम्मीने मुलीला समुद्रापलीकडच्या हॉस्टेलवर ठेवलं हेच नवल. अट एकच होती. काही वेडंवाकडं कानावर आलं, की हॉस्टेल बंद आणि मुक्काम टँटी मर्लकडे. टँटीच्या घराचं दार संध्याकाळी सहाला बंद होई आणि टीव्ही फक्त पाद्रीबाबांचं प्रवचन असलं तरच लागे. कार्निव्हलचे दोन्ही दिवस खोलीत बसून रसायनशास्त्राचा अभ्यास करीन, असं केझायाने मम्मीला शब्द देऊन सांगितलं होतं.

मॅक्सीत दोनच जागा रिकाम्या होत्या. एक ड्रायव्हरशेजारी, ती इंद्राने चपळाईने पटकावली. दुसरी टँटीशेजारी.

केझाया अंग चोरून बसली. टँटीच्या मांडीवर एक जड पिशवी होती. गाडी वळणावर कलली तशी पिशवी घसरली, आणि केझायाचे हात तिला न विचारताच पुढे झाले. “द्या, टँटी, मी धरते,” ती शक्य तितक्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. तिकडे कुणाही वयस्क बाईला टँटीच म्हणत, त्यामुळे तेवढ्याने बिंग फुटायचं नव्हतं.

“घसा बसला वाटतं? रात्रभर केकाटल्यावर बसणारच. कुठे उतरणार?”

“कॉलेजच्या हॉस्टेलवर!” इंद्रा पुढून म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली.

“अगंबाई, मीही तिथेच निघालेय. माझी भाची राहते ना तिथे, केझाया. सगळं जग नाचतंय आणि बिचारी पुस्तकात डोकं घालून बसलीय. तिच्यासाठी पेलाऊ केलाय, भातात कोंबडी घालून. ओळखता का तिला?”

केझायाच्या मांडीवर तिचाच पेलाऊ होता आणि पोटात पहाटेपासून काही नव्हतं.

“ओळखतो ना,” इंद्रा म्हणाली. “भारी अभ्यासू.”

“भारीच,” केझाया घोगरली.

“मुलांशी बोलते का गं?”

“गुड मॉर्निंग म्हणते फक्त.”

टँटींनी मान डोलावली आणि पिशवीतून खोबऱ्याच्या गोड पावाचे दोन तुकडे काढून दोघींना दिले. इंद्राने अर्धा तुकडा तोंडात कोंबला. केझायाने मात्र डोळे मिटले. तिच्या काही लक्षात येण्याआधीच ती पुटपुटली, “या घासासाठी, तो देणाऱ्या हातासाठी, आणि ज्याच्या हाती आज घास नाही त्याच्यासाठीही, देवा, तुझे आभार.”

“आमेन,” टँटी सावकाश म्हणाल्या.

केझायाची पाचावर धारण बसली. ही प्रार्थना कुठल्या पुस्तकात नव्हती, ती मम्मीने स्वतः रचलेली होती. पण टँटी शांतपणे खिडकीबाहेर बघत होत्या.

हॉस्टेलच्या फाटकाशी केझाया पिशवी देऊन सटकणार, एवढ्यात टँटी म्हणाल्या, “माझे गुडघे तीन जिने चढायचे नाहीत. पोरी, एवढी पिशवी वर पोहोचव आणि माझ्या भाचीला खाली पाठव. तिला पाहिल्याशिवाय मी हलायची नाही.”

दोघी तिन्ही जिने एका दमात चढल्या. न्हाणीघरात केझायाने नळ सोडला. नळ खाकरला आणि थांबला. सणाच्या दिवशी पाणी गेलं होतं.

“संपलं!” इंद्रा मटकन खाली बसली. “मी सांगते तू आजारी आहेस.”

“मग ती गुडघे घासत वर येईल. थांब, माझ्या पलंगाखाली बघ.”

पलंगाखाली झाकण घातलेली भरलेली बादली होती. बादली भरल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हेही मम्मीचंच. इंद्रा सहा महिने त्या बादलीला हसत आली होती. आज तिने ती दोन्ही हातांनी उचलून आणली.

अकराव्या मिनिटाला केझाया खाली उतरली. गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला टॉवेल आणि हातात रसायनशास्त्राचं जाडजूड पुस्तक.

“गुड मॉर्निंग, टँटी!”

टँटींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “डोक्यावरून अंघोळ केलीस?”

“झोप उडावी म्हणून.”

“हं. पेलाऊ गरम आहे तोवर खा. आणि त्या चिखलवाल्या पोरीला माझे आभार सांग.” एवढं बोलून त्या निघून गेल्या. केझायाने पेलाऊचा फडशा पाडला आणि इंद्राला दोनच घास दिले.

संध्याकाळी सहाला मम्मीचा रोजचा फोन आला.

“मर्लशी बोलले आत्ता,” मम्मी म्हणाली. केझायाला टँटीच्या घराचं सहाला बंद होणारं दार डोळ्यांपुढे दिसू लागलं. “मॅक्सीत तिला एक मुलगी भेटली. नखशिखांत चिखल! मी म्हटलं, शी, असल्या मुलींचं मला काही सांगू नकोस. तर मर्ल म्हणाली, आधी ऐकून तरी घे. गाडीभर माणसांत एकटीने गुड मॉर्निंग केलं. न सांगता ओझं उचललं. आणि असल्या दिवशी, असल्या अवतारात, खाण्याआधी डोळे मिटून देवाचे आभार मानले.”

मम्मीचा आवाज जरा भरून आला होता. “मी आयुष्यभर चर्चमध्ये मुलांना शिकवते, केझाया. माझ्यासमोर सगळीच नीट वागतात. मी नसताना काय करतात, ते मला कधी कळत नाही. त्या मुलीच्या आईला केवढा अभिमान वाटत असेल, नाही?”

“वाटत असेल, मम्मी.”

“वाटतो.”

अठरा वर्षांत मम्मीच्या तोंडून अभिमान हा शब्द केझायाने पहिल्यांदा ऐकला होता.

“उद्याही नाचायला जाणार असेल ती,” मम्मी आपल्या नेहमीच्या शाळेच्या आवाजावर आली. “तिला म्हणावं, सहाच्या आत खोलीवर. आणि शब्द देऊन पुन्हा मोडलास, तर टँटीकडची खोली झाडून ठेवलेली आहे, असंही सांग. आता आधी कानामागे खोबरेल लाव म्हणावं, मग साबण. नुसत्या पाण्याने तो चिखल निघत नाही. कार्निव्हलनंतरच्या बुधवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरून सगळ्यांना दिसतो.”

केझायाचा हात आपोआप कानामागे गेला. तिथे चिखल होता.

“मम्मी, हे तुला कसं माहीत?”



“आमच्या वेळी मर्ल खोबरेल लावायला विसरली होती,” मम्मी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.