पर्सेंटाइलची पलटण

"एकाहत्तर," सुभेदार नाथाजींनी मोबाईल हातभर लांब धरून आकडा वाचला. "म्हंजी फर्स्ट क्लास की. मग घरात सुतक असल्यागत तोंड का?"

"आबा, ते टक्के न्हाईत. पर्सेंटाइल हाय," त्यांची लेक संयोगिता म्हणाली.

"म्हंजी काय?"

"म्हंजी शंभर पोरं रांगेत उभी केली, तर माझ्या मागं एकाहत्तर."

"आणि पुढं?"

"पुढं आकाराम मामाचं दुकान," आतून भाकरी थापता थापता तिची आई शालूबाई म्हणाल्या.

हे खरंच होतं. संयोगिताला एमबीए करायचं होतं, तेही पुण्यात, वसतिगृहात राहून. तिला हव्या त्या कॉलेजात नव्वदच्या खाली कुणाला उभं करत नव्हते. यंदाच्या प्रवेश परीक्षेत ते हुकलं होतं. पुढच्या वर्षी एकदाच बसायचं आणि तेव्हाही नव्वद आलं नाही, तर मलकापुरात मामाच्या खत-बियाणांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं ठरलं होतं. मामानं गल्ल्यामागची खुर्ची नव्यानं विणूनही घेतली होती. त्याची भाचीवर फार माया होती, हीच तर अडचण होती.

संयोगिता अभ्यासात कमी पडली असं मात्र कुणी म्हणू नये. अभ्यास कसा करावा, याचा तिच्याइतका अभ्यास पंचक्रोशीत कुणी केला नसेल. तिच्याकडे तीन रंगांत लिहिलेलं वेळापत्रक होतं. पहिल्या आलेल्या पोरापोरींच्या सगळ्या मुलाखती तिनं पाहिल्या होत्या. अवघड प्रश्नाशी झटत बसायचं नाही, चुका का झाल्या ते तपासायचं, घड्याळ लावून सराव करायचा, हे ती झोपेतही सांगू शकली असती. फक्त गणितं सोडवायची तेवढी राहून जायची.

सुभेदारांनी मात्र तिचं बोलणं मनावर घेतलं. उभी हयात फौजेत गेलेली. रांग म्हटलं की त्यांचा मेंदू आपोआप कदम उचलायचा. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ते गंभीरपणे म्हणाले, "संयोगिता, तुज्या मागची माणसं वाढली, की तुजा नंबर वर जाणार. बरोबर?"

"तसं बरोबर, पण..."

"पण न्हाई. आपून मागं माणसं उभी करायची."

"आबा, परीक्षेला लाखाच्या वर पोरं बसत्यात. चार वाढली म्हणून काय व्हतंय?"

"माणूस एक वाढला तरी रांग लांब व्हती," सुभेदार म्हणाले, आणि भरतीला निघाले.

अट एकच होती: उमेदवार पदवीधर हवा आणि तो नापास व्हायच्या लायकीचा हवा. असे गावात पुष्कळ निघतील असा सुभेदारांचा अंदाज होता, पण प्रत्यक्ष विचारायला गेल्यावर ज्याचा त्याचा स्वाभिमान आडवा आला. शेवटी तिघं मिळाले. धनाजी तालमीतला गडी. बीए झाला होता, पण कसा झाला हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. बिराप्पा जतकडचा. मेंढरं राखता राखता मुक्त विद्यापीठातून पदवीधर झालेला. तिसरा शाहनवाज, बीकॉम, बापाच्या गादी कारखान्यात कापूस पिंजायचा. आणि माणूस कमी पडतोय म्हटल्यावर सुभेदारांनी स्वतःचाही अर्ज भरला. फौजेतून मिळालेलं पदवीचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतंच.

"तुमी कशाला?" शालूबाईंनी विचारलं.

"पलटणीबरोबर अधिकारी लागतो," सुभेदार म्हणाले.

पहिली सराव परीक्षा अंगणात झाली. हुकूम साधा होता, सगळं चुकवायचं. धनाजीनं डोळे मिटून सरसकट 'ब' लिहिला. बिराप्पानं कपाळाला हात लावून देव आठवेल तसं लिहिलं. संयोगितानं तपासलं, तर प्रश्नाला पर्याय पाच, त्यामुळं प्रत्येकाचे पाचातला एक या हिशोबानं बरोबर निघालेच.

"येवडं बरोबर आलंच कसं?" सुभेदार कडाडले. "शिस्त न्हाई."

"आवं सुभेदार, मुद्दाम न्हाई केलं," बिराप्पा अजिजीनं म्हणाला. "नशिबानं आलं."

"मग पेपर कोरा द्या की," संयोगिता म्हणाली. "शून्यच पडंल."

सुभेदार तिच्याकडे बघतच राहिले. "गोळी न झाडता हरायचं? आमच्या पलटणीत तसं कदी झालं न्हाई, आणि व्हायचं न्हाई."

मग शाहनवाजनं केसातला कापूस झटकला आणि म्हणाला, "ताई, एक विचारू का? चुकीचं उत्तर खात्रीनं लिवायचं, तर बरोबर कुटलं ते आधी कळाय नको?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं. दुसऱ्या दिवसापासून संयोगिता तिघांना शिकवायला लागली. सुभेदार मागं खुर्ची टाकून देखरेखीला बसायचे.

शिकवताना तिच्या ध्यानात आलं, की शेकडेवारी तिला 'समजलेली' होती, पण सांगता येत नव्हती. बिराप्पा प्रत्येक ओळीला "का?" म्हणायचा. त्याला उत्तर द्यायचं म्हणून ती आदल्या दिवशी स्वतः सोडवून ठेवायची. धनाजीला अवघड गणित सोडून पुढं जायचं पटेना. "पळून जायाचं व्हय?" तो म्हणायचा. तेव्हा तिनं त्याला सांगितलं, "धनाजीदादा, डाव बसंना झाला की तुमी काय करता?" "सोडतू आणि दुसरा टाकतू." "मग हितंबी तेच." त्यावर धनाजी असा सुटला, की घड्याळाच्या आधी पेपर संपवायला लागला. सगळी उत्तरं अर्थातच चुकीची.

पलटण हळूहळू तरबेज होत गेली. सुभेदारांना समाधान वाटायचं. गावात लोक विचारायचे, "काय सुभेदार, पोरांचा अभ्यास कसा चाललाय?" तर ते छाती काढून सांगायचे, "शून्यावर आणलंय."

एका सकाळी शाहनवाजनं गणिताचा अख्खा भाग सोडवून दिला आणि संयोगितानं तपासला. एकही बरोबर नव्हतं. सुभेदारांनी त्याची पाठ थोपटली. संयोगितानं मात्र पेपर पुन्हा पहिल्यापासून तपासला. एवढ्या प्रश्नांत चुकूनसुद्धा बरोबर न येण्यासाठी सगळंच्या सगळं यावं लागतं. तिला स्वतःला तसलं शून्य पडलं नसतं. तिनं मनातल्या मनात रांग मांडली. शाहनवाज मागं नव्हता. तो तिच्या पुढं उभा होता, फक्त तोंड उलट दिशेला करून.

त्या दिवशी तिनं रंगीत वेळापत्रक काढून टाकलं, मुलाखती बघणं बंद केलं आणि मुकाट्यानं गणितं सोडवायला बसली. शालूबाईंनी दोनदा येऊन कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

परीक्षा सांगलीजवळच्या एका कॉलेजात होती. चौघं आणि संयोगिता माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून गेले. दाराशी सुभेदारांनी तिघांना उभं करून सांगितलं, "मरदाच्या शब्दाला जागा. एकबी बरोबर यायला नको." पहारेकऱ्यानं मान वळवून बघितलं. परत येताना धनाजीनं खिडकीबाहेरचा ऊस बघण्यात सगळा रस्ता घालवला.

निकाल लागला तो दिवस. अंगणात सगळी पलटण जमली आणि मामाही आला. संयोगितानं मोबाईल उघडला. एक्याण्णव आणि वर थोडं. शालूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मामानं "बरं झालं गं" म्हटलं आणि विणलेल्या खुर्चीचं काय करावं याच्या विचारात पडला.

"आता पलटणीचं सांग," सुभेदार म्हणाले.

बिराप्पाला अठ्ठ्याहत्तर होते. धनाजीला चौऱ्याऐंशी. शाहनवाजला शहाण्णव.

"हुकूम काय हुता?" सुभेदारांनी हळू विचारलं.

"हातच वळंना, सुभेदार," धनाजी खाली बघत म्हणाला. "बरोबर उत्तर समोर दिसतंय आणि बाजूचं दाबायचं. जिवावर आलं."

"मला वाटलं, बाकीचे चुकवतील. मी एकट्यानं बरोबर लिवलं तर काय व्हतंय," बिराप्पा म्हणाला.

शाहनवाज केसातला कापूस काढत राहिला. त्याचा बाप, कारखाना आणि पुणं, हे सगळं बहुतेक त्याच्या डोक्यात एकदम पिंजलं जात होतं. मामा मात्र त्याच्याकडे फार मायेनं बघायला लागला. खुर्ची रिकामी होती आणि पोरगा हिशोबाला पक्का होता.

"शाहनवाजदादा माज्याबरोबर पुण्याला येणार," संयोगितानं मामाला वेळीच सांगून टाकलं. मग ती वडिलांकडे वळली. "आबा, तुमचं किती?"

सुभेदारांनी स्वतःचा आकडा सकाळीच बघून घेतला होता. "चार," ते ताठ उभे राहून म्हणाले. "पलटणीत हुकूम एकट्यानं पाळला."

धनाजीनं खाडकन सलाम ठोकला. बिराप्पानं मान खाली घातली. पेढे वाटून झाल्यावर सगळे पांगले.

संयोगिता भांडी उचलत होती, तेवढ्यात सुभेदार तिच्याजवळ आले. इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"ते एक आगगाडीचं गणित हुतं बग. गाडी दीडशे मीटर, पूल अडीचशे मीटर, ताशी बहात्तर. पूल पार करायला साडेबारा सेकंद. बरोबर न्हवं?"

गाडीची लांबी धरायची राहिली, हे संयोगिताच्या ओठावर आलं होतं. तिनं वडिलांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते गिळलं.

"चूक हाय, आबा."

"नक्की?"

"एकदम चूक."

सुभेदारांनी बोटांवर पुन्हा काहीतरी मोजलं. "मग हुकूम पाळला म्हणायचा," ते म्हणाले, आणि गोठ्याकडे चालायला लागले. अर्ध्या वाटेत थांबून, मागं न बघता त्यांनी विचारलं, "ही परीक्षा माणसाला कितींदा देता येती गं?"

"कितीबी वेळा."

"बरं," सुभेदार म्हणाले. "आपलं असंच विचारलं."