बळकट संस्थेच्या नऊ पायऱ्या

आमच्या महिला मंडळाचं बालकेंद्र व्यवस्थित चालत होतं. ही बाब प्रथम कृष्णाजीरावांच्या लक्षात आली आणि त्यांनी तिच्यावर तातडीनं उपाययोजना केली.

केंद्र म्हणजे मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या गोदाक्कांच्या घराचा पुढचा हॉल. आसपासच्या आयांनी सकाळी मुलं सोडायची आणि दुपारी न्यायची. मधल्या वेळात गोदाक्का मुलांना ओळीनं बसवत, भाताचं पातेलं पुढ्यात घेत आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळा ठेवत. गोळ्याला अंगठ्यानं खळगा, खळग्यात सांबार. मूल तो तोंडात टाकी आणि हात पुन्हा पुढे करी. केंद्राचं कामकाज एवढंच. गोदाक्का तंजावरकडच्या. त्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी तिकडे जाताना जी मराठी बरोबर नेली होती, ती त्या अजून जपून वापरत.

माझी भवानी तीन वर्षांची. घरी ती तोंडाला कुलूप घालून बसे. मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. बालसंगोपनावरची इंग्रजी पुस्तकं मी दोनदा वाचली होती. भवानीनं एकदाही वाचली नव्हती, त्यामुळे आमचे मतभेद होत. गोदाक्कांच्या ओळीत मात्र ती मुकाट्यानं हात पुढे करी. एग्मोरच्या मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिचं वजन केलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जिथं खाते तिथं खाऊ द्या. आणि तुम्ही जरा लांब उभ्या राहा."

मी लांब, म्हणजे खिडकीबाहेर उभी राहून घास मोजत असे. तिथूनच मी कृष्णाजीरावांना प्रथम पाहिलं.

ते पंचवार्षिक योजनांचे दिवस होते. धरणं बांधून उरलेला उत्साह छोट्या संस्थांकडे वळवण्यात आला होता. कृष्णाजीराव सहा महिने परदेशी राहून संस्थांचं बळकटीकरण शिकून आले होते, आणि आता बळकट करायला संस्था शोधत मद्रासभर हिंडत होते.

"संस्था कुठे आहे?" त्यांनी उंबऱ्यातून विचारलं.

"ही काय," गोदाक्कांनी ओळीकडे हात केला.

"ही मुलं आहेत, बाई. मी संस्थेचं विचारतोय. तिची रचना? तिची क्षमता?"

गोदाक्कांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "आणखी चार पोरं येवोत की. पुरंल."

कृष्णाजीरावांनी दयेनं मान हलवली. "आणि उद्या तुम्ही नसलात तर?"

"मी कोठं जातें? गुडघे दुखतात मज. शेजारच्या टी. नगरलाहि जात नाही मी."

बाकीच्या आया हसल्या. मला हसू आलं नाही. भवानी शिंकली तरी मी एग्मोरला जायची साडी नेसायला घेते. उद्या गोदाक्का नसल्या तर? त्या दिवशी भवानीचे घास मी दोनदा मोजले. म्हणून मंडळाच्या सभेत कृष्णाजीरावांचा बळकटीकरणाचा ठराव आला, तेव्हा त्याला अनुमोदन मी दिलं.

मंडळात दोन बाजू होत्या. तंजावरकडच्या बायकांच्या पुढारी विशालाक्षीअम्मा, आणि आम्हा बदलीवर आलेल्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या पुढारी पुण्याच्या सरोजिनीबाई. दोन्ही बाजूंत उत्तम सलोखा होता, कारण दुसरी बाजू नेमकं काय बोलते याची कुणालाच पुरती खात्री नसे.

कृष्णाजीरावांनी भिंतीवर एक तक्ता टांगला. वर एक चौकट, तिच्याखाली काही, त्यांच्याखाली आणखी काही, अशा चार रांगा. "ही आदर्श संस्थेची रचना," ते म्हणाले. बायकांनी माना तिरप्या करून पाहिलं.

आणि विशालाक्षीअम्मांचा चेहरा उजळला. "अय्यो! हा तर बोम्मै कोलू!"

नवरात्रात इथं घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात, तो कोलू. सगळ्यात वर कलश आणि देव, मग राजे, मग साधुसंत, मग लग्नाची वरात, आणि अगदी खाली वाणी, त्याचं दुकान, मातीची वांगी. विशालाक्षीअम्मांनी एवढं सांगताच सगळ्यांना संस्थेची रचना कळली. इतक्या झटपट हा विषय परदेशातही कुणाला कळला नव्हता, असं कृष्णाजीराव म्हणाले. गहिवरले ते.

"पण ह्या चारच पायऱ्या," विशालाक्षीअम्मा म्हणाल्या. "चार नक्कोत. कोलूच्या पायऱ्या विषम होणें. सम म्हणजे अपशकुन." त्यांचं 'होणें' म्हणजे आमचं 'हवं'.

स्थानिक रूढींचा आदर करायला कृष्णाजीराव शिकून आले होते. त्यांनी लगेच पाचवी रांग काढली आणि तिला 'समन्वय' असं नाव दिलं.

"आणि एकटी बाहुली मांडूं नये. जोडीच होणें."

हे सरोजिनीबाईंनी लगेच पकडलं. "म्हणजे प्रत्येक पदावर दोघी! एक तुमच्यातली, एक आमच्यातली."

मंडळाच्या इतिहासात दोन्ही बाजू प्रथमच एकमेकींना पूर्णपणे समजल्या. दोन अध्यक्षा झाल्या, दोन उपाध्यक्षा, दोन चिटणीस. पाच पायऱ्यांवर दाटी होऊ लागली म्हणून सात केल्या.

"शिवाय दरवर्षी एक तरी नवी बाहुली आणावीच लागते," मागून कुणीतरी आठवण केली.

"दरवर्षी नवं पद?" कृष्णाजीराव खुर्चीतून उठले. "सक्तीनं? भगिनींनो, ही तर अंगभूत वाढ!" त्या वर्षीच्या नव्या पदासाठी आठवी पायरी आली, आणि आठ चालत नाहीत म्हणून नववी.

मी सहचिटणीस झाले. पाचवी पायरी, डावीकडे. मला फार हलकं वाटलं. आता गोदाक्का असोत वा नसोत, भवानीच्या पाठीशी नऊ पायऱ्या होत्या.

गोदाक्का संस्थापक म्हणून सगळ्यात वर, कलशाच्या बरोबरीनं. त्या कां-कूं करतील अशी मला धास्ती होती. त्यांनी एकच अट घातली, "हाताची खुर्ची होणें." ती आली. त्या तिच्यात अशा बसल्या की जणू गुडघे इतकी वर्षं तिचीच वाट पाहत होते. समोरच्या ओळीतून भवानीनं सवयीनं हात पुढे केला. गोदाक्कांचाही हात सवयीनं पातेल्याकडे गेला.

"अं हं! बाई, तुम्ही आता धोरण पाहायचं," कृष्णाजीराव म्हणाले.

"वरल्या पायरीची बाहुली खाली उतरत नाही," विशालाक्षीअम्मांनी दुजोरा दिला. "एकदा मांडलेलं हलवूं नये."

"तेंहि खरं," गोदाक्का म्हणाल्या, आणि धोरण, म्हणजे खिडकीबाहेरचं शेवग्याचं झाड, पाहू लागल्या.

घास भरवणं हे काम नवव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीकडे गेलं. ती पायरी रिकामी होती, कारण आम्ही सगळ्याच वर होतो. तेव्हा भरवणाऱ्या तयार करण्यासाठी प्रशिक्षण सुरू झालं. प्रशिक्षणात अडचण एकच होती. मुलांच्या गोंगाटात व्याख्यान ऐकू येईना. सबब 'संस्थेची क्षमता पुरेशी वाढेपर्यंत मुलांनी आपापल्या घरी थांबावे' असा ठराव एकमतानं संमत झाला. सहचिटणीस म्हणून तो मीच सुवाच्य अक्षरात लिहून काढला. त्या मुलांपैकी एक माझं आहे, हे घरी आल्यावर ध्यानात आलं.

मुलं नव्हती, म्हणून प्रशिक्षणासाठी आम्हीच 'नमुना बालकं' होऊन ओळीत बसू लागलो. पहिल्या दिवशी सरोजिनीबाईंनी विशालाक्षीअम्मांच्या हातावर गोळा ठेवला.

"मोठा झाला."

"मूल बोलत नसतं, अम्मा."

"आमचं बोलतं. आणि हें सांबारात गूळ कोणी घातला?"

"मी घातला. पुण्याकडे घालतात."

"मग पुण्याकडल्या पोरांस भरवा!"

गुळाचा प्रश्न उपसमितीकडे सोपवला. प्रशिक्षण मात्र फलदायी ठरलं. दर आठवड्याला नमुना बालकांची वजनं वाढत होती आणि कृष्णाजीराव ती प्रगतीच्या सदरात लिहून वर पाठवत होते. तीन बायकांना ब्लाउज उसवून घ्यावे लागले.

घरी भवानीच्या झग्याचे खांदे उतरू लागले होते. मी प्रशिक्षित होते. गोळा केला, अंगठ्यानं खळगा पाडला, सांबार ओतलं. ते माझ्या कोपरापर्यंत आलं. भवानीनं गोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "गोदाक्काचा हात," एवढं म्हणाली आणि कुलूप लावलं.

"काय म्हणते तुमची संस्था?" ह्यांनी वर्तमानपत्रातून विचारलं.

"फार बळकट झालीय."

"आणि पोरगी?"

"ती लाभार्थींच्या सदरात येते," मी म्हणाले. "ते सदर अजून उघडायचंय." बोलले आणि स्वयंपाकघरात जाऊन तो गोळा मीच खाल्ला. टाकवेना.

नवरात्रात दिल्लीहून शेषगिरी नावाचे मोठे साहेब आमची रचना पाहायला आले. हॉलभर नऊ पायऱ्यांचा कोलू मांडला होता, आणि प्रत्येक बाहुलीच्या गळ्यात एकेका पदाची चिठ्ठी. माझी बाहुली सतार वाजवत होती. शेजारी, हाताच्या खुर्चीत, गोदाक्का. भवानीला कुणापाशी ठेवावं ते न सुचून मी तिला कडेवर घेऊन गेले होते.

कोलू पाहायला आलेल्यानं गाणं म्हटल्याशिवाय त्याला चण्याचं सुंडल देत नाहीत. साहेबांना हे सांगण्यात आलं. त्यांनी डोळे मिटून दोन कडवी म्हटली. सूर लागला नाही, पण सुंडल मिळालं. "अप्रतिम," ते चणे चावत म्हणाले. "इतकी स्वच्छ संस्था मी पाहिली नाही. कुठं एक डाग नाही, सांडलवंड नाही."

तेवढ्यात भवानी माझ्या कडेवरून घसरली. ती थेट शेवटच्या पायरीपाशी गेली, मातीच्या वाण्यासमोर मांडी घालून बसली आणि तळहात पुढे करून वाट पाहू लागली.

वाणी काही हलला नाही. हॉलमध्ये कुणीच हललं नाही.

"ही कुठल्या पायरीवरची?" साहेबांनी विचारलं.

कृष्णाजीरावांनी तक्ता वरून खाली पाहिला, मग खालून वर. "ही पायरीवर नाही, सर. ही जरा... रचनेच्या बाहेरची बाब आहे."

"कोण गे ती?" गोदाक्कांनी खुर्चीतून मान वाकडी केली.

"भवानी," मी म्हणाले. "महिनाभर धड जेवली नाहीय, गोदाक्का."

खुर्ची करकरली. गोदाक्का उठल्या.

"अय्यो, मांडलेलं हलवूं नये!" विशालाक्षीअम्मा ओरडल्या.

"धोरणाचं काय?" कृष्णाजीराव म्हणाले.

"परसाकडं जातें," गोदाक्का म्हणाल्या.

यावर कोणत्याही समितीला आक्षेप घेता येईना. त्या लंगडत मागच्या दारानं गेल्या, आणि त्यांच्या पदराला धरून भवानी. मी मागे धावले तोवर विहिरीजवळच्या पाटावर गोदाक्का बसल्या होत्या. स्वतःसाठी झाकून ठेवलेल्या भाताचा गोळा, अंगठ्याचा खळगा, त्यात सांबार. "आ कर गे. काडी झालीस, काडी!" भवानीनं आ केला. मी डॉक्टरांची आज्ञा आठवून शेवग्याआड लांब उभी राहिले. सात घासांपर्यंत मोजले. पुढे डोळ्यांना नीट दिसेना.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं आणखी दोन मुलं आली. आठवड्यात ओळ पूर्ण झाली. गोदाक्का रोज दहाला हॉलमध्ये खुर्चीत बसतात, अकराला परसाकडं जातें म्हणून उठतात, आणि एकला परततात. संस्थेनं याची गंभीर दखल घेतली असून त्यांच्या पोटाच्या तक्रारीवर आरोग्य उपसमिती नेमली आहे. तिचा अहवाल यायचा आहे. पुढच्या हॉलला आदर्श संस्थेचं मानपत्र मिळालं. दूरदूरच्या संस्था तो पाहायला येतात, गाणं म्हणतात, सुंडल खातात. मुलं नसल्यानं कामकाजात खंड पडत नाही.

भवानीच्या झग्याचे खांदे जागेवर आलेत. एग्मोरचे डॉक्टर म्हणाले, "आता काळजी करू नका." असं कुणी म्हटलं की मला काळजी वाटू लागते. मागचं अंगण फारच व्यवस्थित चाललंय. उद्या विहिरीकडचं दार कुणी लावून घेतलं तर? गोदाक्कांचे गुडघे अडून बसले तर? हे मी मंडळात कुणाजवळही बोललेले नाही. फक्त तुम्हाला सांगितलं.

आणि तुमच्या मनात काय आलं, ते मला इथून दिसतंय. एवढं चांगलं काम मागच्या दारानं का चालावं? त्याला थोडी शिस्त हवी, निदान एखादी लहानशी समिती... लाजू नका. ह्या वर्षीची नवी बाहुली आल्यामुळे पायऱ्या दहा झाल्या आहेत, आणि दहा चालत नाहीत. अकरावी तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. हाताची खुर्ची मिळेल.

येताना मात्र पुढच्या दारानं या. मागच्या दारी मुलं जेवत असतात.