सहलीची बाई आणि कामाचा माणूस

लिनेटबाई शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाल्या, पण त्यांची झोप काही निवृत्त झाली नाही. ती पहाटे पाचला मोडायची ती मोडायचीच. ॲडलेडच्या त्या शाळेत एकतीस वर्षं काढलेली बाई, आता चार महिने झाले, त्यांना कोणी साधं "अमुक फाईल कुठे आहे?" असंही विचारलं नव्हतं. आईचा उतरलेला चेहरा बघून मुलीनं, ब्रॉनीनं, वाढदिवसाला जवळच्या बरोसा खोऱ्यातल्या एका द्राक्षमळ्याची सहल भेट दिली. मळ्यातून फेरी, वाईनची चव, वर जेवण. वेळ सकाळी दहाची. बाई पांढरी पँट आणि नवी टोपी घालून सातलाच फाटकाशी हजर.

फाटकाशी लायल उभा होता. मळ्याचा मुकादम. वय सत्तर, पाठ वाकलेली, जीभ मात्र सरळ. आज तोडणीला शहरातून एक नवं माणूस येणार, एवढंच मालकिणीनं त्याला सांगितलं होतं.

"वेळेवर आलीस, हेच नवल," तो म्हणाला. "ही घे कात्री, ही बादली. बारावी ओळ."

"लगेच?"

"मग काय, द्राक्षांचे मनुके झाल्यावर?"

हल्लीच्या सहली अशाच असतात, असं बाईंनी समजून घेतलं. ब्रॉनी म्हणालीच होती की तिथे 'अनुभव' देतात.

पहिली बादली बघून लायलनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, ही पानं कशाला? वाईन करायचीय, सॅलड नव्हे!"

दुसऱ्या बादलीला बाई ओरडल्या, "बोट कापलं माझं!"

"द्राक्षांवर रक्त सांडलं का?"

"नाही."

"मग चालू दे." असं म्हणत त्यानं खिशातून पट्टी काढून स्वतःच त्यांच्या बोटाला गुंडाळली, आणि चांगली घट्ट गुंडाळली.

बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. "मुकादमाचं काम अगदी हुबेहूब वठवताय हं तुम्ही."

"सत्तेचाळीस वर्षं वठवतोय. उचल बादली."

साडेनऊला चहाची सुट्टी झाली. लायलनं आपली खिमा भरलेली पेस्टी मोडून अर्धी त्यांच्यापुढे केली. ट्रॅक्टरच्या सावलीत बसून खाताना बाईंनी हळूच विचारलं, "ती वाईन कधी मिळणार?"

"ह्या द्राक्षांची? दोन वर्षांनी."

बाई हसल्या. कंबर ठणकत होती, पँट गुडघ्यापर्यंत जांभळी झाली होती, पण कोणीतरी त्यांची वाट बघत होतं. त्यांची म्हणजे त्यांच्या बादलीची. पण चार महिन्यांनंतर तेवढंही पुष्कळ होतं.

तिकडे, वाटेत बस बंद पडल्यामुळे खरा कामाचा माणूस, डीन, नेमका दहाच्या ठोक्याला पोचला. पोर्ट लिंकनच्या एका मासळीच्या कारखान्यात त्यानं एकोणीस वर्षं माल हुंगून पास-नापास केला होता. तो कारखाना बंद झाला. गेले आठ महिने जाईल तिथे नकारच ऐकत तो इथवर आला होता. आज मात्र मालकीण इंग्रिड स्वतः दारात उभी. दहाला सहलीचं एक पाहुणं येणार, एवढंच तिला ठाऊक होतं.

"या, या! तुमचीच वाट बघत होते. बसा." आणि हातात पेला.

डीनला वाटलं, ही मुलाखत. त्यानं केस चपटे केले आणि पेला एका घोटात संपवला.

"काय जाणवतंय?" इंग्रिडनं विचारलं.

"फार आभारी आहे, मॅडम," डीन मनापासून म्हणाला.

दुसऱ्या पेल्यालाही तो आभारीच होता. तिसरा, थेट पिंपातून काढलेला, मात्र त्यानं नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. खोटं बोललो तर पकडतील, खरं बोललो तर हाकलतील.

"मॅडम, रागावू नका. ह्याला भिजलेल्या कुत्र्याचा वास येतोय."

इंग्रिडचं हसू जागीच थिजलं. तिनं पेला हुंगला, पुन्हा हुंगला आणि पिंपांच्या शेडकडे धूम ठोकली. चौदा पिंपांतलं एकच बिघडायला लागलं होतं, आणि उद्या सकाळी ते बाकीच्या तेरांत मिसळायचं होतं. अख्खं वर्ष मातीत गेलं असतं. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "अशी पाहुणी माणसं देवानं रोज पाठवावीत," म्हणत ती डीनला मळा दाखवायला घेऊन निघाली.

"आणि हे आमचे तोडणीवाले," बाराव्या ओळीपाशी ती म्हणाली.

डीननं घसा खाकरला. "मॅडम, मी कधीपासून सुरू करू?"

"काय?"

"तोडणी. त्यासाठीच आलोय ना मी."

इंग्रिडनं लायलकडे पाहिलं. लायलनं लिनेटबाईंकडे पाहिलं. बाईंनी टोपी सारखी केली. "मी सहलीची. जेवण किती वाजता असतं?"

लायल उपड्या बादलीवर मटकन बसला. "आणि मी हिला सकाळपासून ओरडतोय!"

"अकरा वेळा," बाई म्हणाल्या.

मग माफ्यांना ऊत आला. इंग्रिड बाईंची माफी मागत होती, डीन प्यायलेल्या वाईनची, आणि लायल कोणाकडेही न बघता सगळ्यांचीच. डीनचा चेहरा पडलेला बघून इंग्रिड म्हणाली, "तोडणी विसर आता. उद्यापासून पिंपांच्या शेडमध्ये ये. तुझं नाक घेऊन ये." डीनला परत आभार मानायचे होते. त्यानं नुसता तिचा हात धरून ठेवला.

"म्हणजे बारावी ओळ रिकामीच," लायल पुटपुटला आणि त्यानं चोरून बाईंकडे बघितलं.

संध्याकाळी ब्रॉनीचा फोन आला. सगळं ऐकून ती कडाडली, "बोट कापलं? बादल्या उचलायला लावल्या? थांब, मी आत्ताच त्या मालकिणीला फोन करते!"

"खबरदार फोन केलास तर!" बाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांचं काम मिळालंय मला. तुझी ती सहल तशीच शिल्लक आहे, रविवारी तू जाऊन ये. मला सुट्टी नाही."