अण्णाजींच्या मीटरची चकती

आमचे घरमालक अण्णाजी धानोरकर यांच्याकडे आलेल्या पाहुण्याला आधी पाणी मिळत नसे, आधी मीटर बघायला मिळे. ओसरीच्या भिंतीवर ते काळं मीटर होतं. काचेमागे एक चकती आणि तिच्या कडेला लाल खूण. अण्णाजी पाहुण्याला मनगट धरून मीटरसमोर उभं करायचे, घरभर फिरून बटनं बंद करून यायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, "फिरून राह्यली का नाई?"

चकती फिरत असायची. अगदी रेंगाळत, पण फिरायची.

"घरात दिवा नाई, पंखा नाई. मंग खाऊन कोन राह्यलं?"

बिचाऱ्या पाहुण्याला चहा हवा असायचा.

मी चांदूर रेल्वेचा. कचेरीत नोकरी लागली म्हणून अमरावतीला आलो आणि जोडे झिजवून झिजवून अण्णाजींच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या मिळवल्या. नवीन लग्न झालेलं, त्यात बायकोला, सुशीलेला, दिवस गेलेले. अशात अण्णाजींनी एके दिवशी ओसरीत जाहीर केलं, "ज्याच्या खोलीत करंट मुरत असंन त्यानं त्याच दिवशी बिऱ्हाड उचलायचं." घरात बिऱ्हाड एकच होतं, ते आमचं. सुशीलेनं त्या दिवसापासून संध्याकाळी दिवा लावणंच सोडलं. विजेच्या घरात राहून आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवायचो.

बिलाची अण्णाजींना चिंता नव्हती. पेन्शन होती, वरूडकडे संत्र्याची बाग होती. पण उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेला. आपल्याच घरात कारणाशिवाय काहीतरी चालू आहे, हे त्यांना सहन होत नव्हतं. संशय कोणावर घेतला नाही ते विचारा. वायरीवरून पाल गेली की करंट पिते, असं एक आठवडा चाललं. मग रेडिओचा नंबर लागला. "बंद केला तरी आतून जागाच राह्यते तो," असं म्हणून त्यांनी रेडिओ सतरंजीत गुंडाळून कपाटात टाकला. एकदा घरातले सगळे बल्ब काढून पलंगावर मांडून ठेवले आणि त्यांवर चुकून शेजारचे जोशीबुवा बसले. त्या आवाजानंतर जोशीबुवा सत्यनारायणालासुद्धा ओसरीच्या पुढे आले नाहीत. वीज कंपनीचा माणूस येऊन मीटर चांगलं आहे असं सांगून गेला, तर त्यालाच अण्णाजींनी ओहमचा नियम विचारला.

हे बल्ब काढणं, बटनं बंद करणं सगळ्या घरात चालायचं, फक्त मागच्या खोलीत नाही. ती त्यांच्या मुलाची, प्रभाकरची. आम्ही यायच्या काही वर्षं आधी मॅट्रिकला तो नापास झाला तेव्हा अण्णाजी चारचौघांत त्याला म्हणाले होते, "मले तोंड दाखवू नको." मुलगा ऐकणारा निघाला. बडनेऱ्याला गाडीत बसताना कोणीतरी त्याला पाहिलं, तेवढंच. त्यानंतर अण्णाजींनी त्या खोलीत पाय ठेवला नाही, की घरात त्याचं नाव निघू दिलं नाही. अण्णाजींच्या बायको, आमच्या काकू, तेवढ्या तिथं झाडलोट करत.

शेवटी अण्णाजींनी शाळेतली रीत काढली. एकेक करून बाद करायचं. मीटरखाली प्रत्येक खोलीचा चिनी मातीचा वेगळा फ्यूज होता. दर रविवारी सकाळी एक फ्यूज उपसायचा आणि चकती थांबते का पाहायचं. एका रविवारी एकच. "घाईनं केला तो प्रयोग नोय." पहिला मान अर्थातच आमचा. फ्यूज निघाला आणि सुशीला देवासमोर जाऊन बसली. चकती फिरतच राहिली.

"सुटला रे बावा तू," अण्णाजी म्हणाले. आवाजात आनंद अजिबात नव्हता.

त्याच दुपारी ते झोपलेले असताना काकू आमच्याकडे आल्या. दार लोटून घेतलं आणि उभ्यानंच म्हणाल्या, "भाऊ, ते मी करून राह्यली."

मागच्या खोलीत झिरोचा बल्ब होता. प्रभाकर गेल्यापासून काकूंनी तो विझू दिला नव्हता. मागच्या दाराच्या वर झरोका आहे. पोरगं गल्लीतून आलंच, तर घरात कोणीतरी जागं आहे हे त्याला दिसावं.

"पण काकू, दिवसासुद्धा?"

"नवरात्रातला दिवा दिवसा विझवते का कोनी? अन् बंद केला, मंग लागलाच नाई तं? दुकानदार म्हने झिरो म्हंजे काहीच खात नाई. मले का माहीत, मीटरले दिसते म्हून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "यायले समजलं तं बंद करतीन. भाऊ, काही तरी करा."

काय करणार? मी म्हटलं, आमचा म्हणून आळ घेतो, इस्त्री लपवून ठेवली होती असं सांगतो. काकू म्हणाल्या, "अन् ह्या अवस्थेत पोरीले कुठी नेसान?" आणि तशाच निघून गेल्या.

रविवार येत राहिले. स्वयंपाकघर सुटलं, माजघर सुटलं, देवघर सुटलं. काकू उतरत चालल्या होत्या. आता हसू येतं, पण तेव्हा तो म्हातारा फ्यूजकडे हात नेऊ लागला की मला त्याचा संतापच यायचा. एवढी अक्कल असलेल्या माणसाला बायकोचं तोंड दिसू नये?

शेवटचा रविवार आला. फ्यूज एकच उरला होता. काकू पिठाच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अण्णाजींनी फ्यूजला हात घातला आणि तसेच थांबले. चकतीची लाल खूण आली, गेली, पुन्हा आली. मग त्यांनी हात मागे घेऊन धोतराला पुसला.

"मीटरच खराब हाये," ते म्हणाले. "आन प्रयोग एकदा करून भागत नाई. येत्या रविवारी पयल्यापासून."

आणि खरंच, पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा आमचा फ्यूज उपसला. मागच्या खोलीपर्यंत यायचं आणि परतायचं, असं मग चालूच राहिलं. आम्हाला मुलगी झाली, ती रांगायला लागली, तरी अण्णाजींचं "खाऊन कोन राह्यलं" थांबलं नाही. मी सुशीलेला म्हणायचो, म्हाताऱ्याला भ्रम झालाय.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी काकू टायफॉइडनं गेल्या. शेवटी शेवटी वातात त्या दार उघडायला सांगत होत्या. अण्णाजी उशाशी बसून "उघडलं, उघडलं" म्हणत राहिले. तेराव्याला माणसं जेवून गेली आणि घरात अण्णाजी एकटे उरले. मीटरचं नाव त्यांनी काढलं नाही.

एका सकाळी मी दाढी करत होतो. अण्णाजी दारात आले. अंगात सदरा नाही, चष्मा नाही.

"थांबली रे."

"काय थांबलं?"

"चकती. त्या खोलीतला बल्ब गेला असंन. दुसरा लावून दे नं."

मी वस्तरा खाली ठेवला. "अण्णाजी, तुम्हाला माहीत होतं?"

"तू यायच्या आंधीपासून माहीत हाये."

"मग शोधत काय होता एवढं?"

ते उंबऱ्यावर टेकले. "मी शोधून राह्यलो म्हून ती लपवून राह्यली. मी सोडून देल्लं असतं तं तिले समजलं असतं, का मले ठाऊक हाये. मंग आमाले त्याच्यावर बोला लागलं असतं." मग म्हणाले, "काय बोलनार होतो मी तिच्याशी?"

मला राग यायला हवा होता. दोन माणसांनी एका घरात, एकाच मुलासाठी, वर्षानुवर्षं एकमेकांपासून चोरून झुरावं याचा. पण त्या उघड्या, वाळलेल्या पाठीकडे पाहून मला फक्त रडू आलं.

मी दुकानातून बल्ब आणला. मागची खोली मी पहिल्यांदाच आतून पाहिली. कॉट, भिंतीला शाळेचा डबा टांगलेला, आणि गादीवर घडीच्या खुणा असलेली पांढरी चादर. काकू आजारी पडल्यापासून तिच्यावर धूळ बसली होती. बल्ब लागला. अण्णाजी ओसरीत असतील म्हणून मी ओरडून सांगितलं.

मागे वळून पाहतो तर ते त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. आत येत नव्हते.

"चादर कशी हाये?"

"मळली आहे थोडी."

"काढून आन," ते म्हणाले. "मी धुतो."

ज्या माणसानं जन्मात स्वतःचा पेला विसळला नाही, तो न्हाणीत बसून दोन्ही हातांनी ती चादर चोळत बसला. साबण जास्त झाला होता, फेस नुसता वाहत होता. सुशीला मदतीला गेली तर तिला त्यांनी हातानंच परतवलं. चादर पिळता येईना, तेव्हा ओलीच दोरीवर टाकली आणि ती वाळेपर्यंत तिच्याखाली बसून राहिले.